दोन फूट म्हणजे सहाशे नव्हे

खंडेनवमी, सकाळ. जागा: कुंडलच्या आमच्या घरापुढचं अंगण. हजर माणसं: सासूबाई, माझे यजमान, धाकटे दीर आणि मी. जाऊबाई माहेरी, म्हणून गैरहजर. पूजेला हजर अवजारं: ट्रॅक्टर, औषध फवारायचा ब्लोअर, दिरांची नवी पिकअप, छाटणीच्या कात्र्या, खुरपी, कोयता, पाने, पकडी, विळी आणि सगळ्यात शेवटी माझी जिगसॉ, म्हणजे नक्षी कापायची विजेची करवत.

मी तासगावच्या बस डेपोत स्टोअर सांभाळते. ब्रेकच्या लायनरपासून काचेच्या रबरापर्यंत काय आलं, काय गेलं, काय मागवायचं, हे बघणं माझं रोजचं काम. त्यामुळं घरातली हकिकत सांगतानाही कोण आहे आणि काय आहे हे आधी मांडल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

तर त्या ओळीच्या टोकाला, जिगसॉच्या पलीकडं, मी एक रिकामा पाट मांडला होता. त्यावर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. दीर उदबत्ती ओवाळत तिथवर आले आणि थांबले.

"वैनी, ह्यावर काय हाय?"

"यायचंय अजून."

"काय यायचंय?"

"टेबल सॉ."

"न आलेल्या मशीनची पूजा! आवं, आधी येऊ तर द्या."

ओट्यावर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "पिकअप यायच्या आदी तू बी नुसत्या पावतीला फूल व्हायलं व्हतंस की. आमी बोललो का काय?"

यजमान हसले. दीर हसले नाहीत. त्यांनी उदबत्ती पाटासमोरच्या मातीत खोचली आणि मोबाइल काढला. पूजेचा नारळ फुटायच्या आत त्यांनी मला एक मशीन दाखवलंसुद्धा. छोटंसं, देखणं, पिवळ्या रंगाचं.

"हे घ्या. तुमच्या बैलगाडीला लय झालं."

बैलगाडीचं सांगायला हवं. लग्नात रुखवतात मांडायला मी लाकडाच्या वस्तू करते. बैलगाडी, पाळणा, जातं, तुळशीवृंदावन. सगळं तळहातावर मावेल एवढं. कडेगावपासून लोक येऊन घेऊन जातात. कौतुक भरपूर होतं. नवरीची आई फोटो पाठवते, मावशी नंबर मागते. पण मी एकदा शेजारणीला पूर्ण उंचीचं कपाट करून देते म्हटलं, तर तिनं विषय बदलला. बाईनं लाकूड हातात घ्यावं, पण ते तळहाताएवढं असावं. असं तोंडावर कुणी म्हणत नाही. म्हणलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं.

या वेळी काम तळहाताएवढं नव्हतं. गावातल्या स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरापोरींसाठी अभ्यासिका होणार होती. समाजमंदिराची मागची लांबट खोली त्यासाठी रिकामी केली होती आणि तिथं टेबलं हवी होती. त्या कामाचे प्रमुख एक निवृत्त गुरुजी. मी त्यांच्या घरी जाऊन म्हटलं, टेबलं मी करते.

गुरुजी चष्म्यावरून बघत राहिले. "बाई, हे रुखवत नव्हे."

"माहीत आहे, गुरुजी. रुखवताला कुणी कोपर टेकून रात्रभर बसत नाही."

गुरुजींच्या पत्नी आतून खो-खो हसल्या. त्या हसल्या म्हणून गुरुजींना नाही म्हणणं अवघड गेलं असावं. ठरलं ते असं: दिवाळीनंतर दोन टेबलं करून दाखवायची. पसंत पडली तर सगळं काम माझं. नाहीतर सांगलीच्या ठेकेदाराचं. त्याचं दरपत्रक आधीच येऊन पडलं होतं.

गुरुजींना टेबलं आठ फूट लांब, सलग हवी होती. दोन टेबलं समोरासमोर लावायची, मग त्यांच्या शेजारी पुढची दोन, अशी एक लांब ओळ. प्लायचं शीट आठ बाय चारचं येतं. म्हणजे शीट लांबीत उभं चिरलं की बरोब्बर दोन टेबलांचे माथे. हिशोब सोपा होता, पण चिरायचं कशावर हा प्रश्न होता.

टेबल सॉवर पातं टेबलाच्या मधून वर आलेलं असतं. त्याच्या उजवीकडं एक सरळ पट्टी असते, ती आतबाहेर सरकते. तिला फेन्स म्हणतात. लाकूड त्या पट्टीला चिकटवून पुढं ढकलायचं. पातं आणि पट्टी यांच्यात जास्तीत जास्त जेवढं अंतर पडतं, तेवढ्या रुंदीची फळी त्या मशीनवर निघते. मशीन किती ताकदीचं, पातं केवढं, रंग कोणता, हे सगळं नंतर. पट्टी कुठवर जाते हे आधी. दिरांनी दाखवलेल्या पिवळ्या मशीनची पट्टी वीतभर जाऊन थांबत होती.

"ह्याच्यावर शीट चिरता येत नाही, भावजी."

"मग प्लायवाल्याकडनं चिरून आणा. तो देतोय की."

देतो. मी त्याच्याकडं जाऊन आले होते. ठेकेदारांची शीटं आधी, आपलं शेवटी. कड निघते ती टवके उडालेली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गावात होणारी चर्चा: कापून सांगलीनं दिलं, बाईनं नुसते स्क्रू पिळले. हातात धरायच्या गोल करवतीनं, पट्टी शिकंज्यात आवळून, मी शीट चिरून पाहिलं होतं. होतं तसं. पण दर वेळी पट्टी नव्यानं मोजायची, नव्यानं आवळायची, आणि दर वेळी केसभर इकडंतिकडं. ओळीत लावायच्या टेबलांना ते चालत नाही. मला पट्टी एकदा लावून एकामागून एक सारख्या फळ्या काढायच्या होत्या.

हे सगळं मी दिरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग खरं बोलले.

"आन् एवढं मोठं मशीन ठेवनार कुठं?"

खरी गाठ इथं होती. आमच्या बेदाणा शेडच्या टोकाला पॅकिंगची खोली आहे, शटर असलेली. बेदाण्याचा हंगाम सोडला तर ती रिकामी. निदान पिकअप येईपर्यंत रिकामी होती. छोटं मशीन घेतलं असतं तर ते कोपऱ्यात मावलं असतं आणि पिकअप जागची हलली नसती. मोठं मशीन म्हणजे त्याच्या पुढं शीटभर जागा आणि मागं शीटभर जागा. म्हणजे अख्खी खोली. दीर माझ्या बैलगाडीबद्दल बोलत होते, पण त्यांच्या डोळ्यांपुढं त्यांची गाडी होती.

"खोली सामायिक आहे, भावजी. पिकअप लिंबाखाली राहू शकते. प्लाय लिंबाखाली राहू शकत नाही."

"चिमण्या घाण करत्यात गाडीवर."

"मग आच्छादन शिवून देते."

सासूबाईंनी प्रसाद वाटायला घेतला म्हणून ते तेवढ्यावर थांबलं.

त्याच आठवड्यात मी आणि यजमान सांगलीला गेलो. मशिनरीचं दुकान जुनं, मालक वयस्कर, सगळे त्यांना चाचा म्हणतात. पैसे माझ्या पगारातले होते, त्यामुळं त्या बाबतीत कुणाला विचारायचं नव्हतं. तरी चाचा बोलायला लागले ते यजमानांशीच.

"साहेब, कशासाठी पायजे?"

यजमानांनी माझ्याकडं बोट केलं. "मशीन त्यांचं हाय. मी नुसता गाडी चालवत आलोय."

चाचा मनमोकळं हसले आणि मला आत घेऊन गेले. "ताई, घरच्यासाठी हाय ना? मग हे घ्या. हलकं हाय. काम झालं की उचलून कपाटाखाली ठेवता येतंय."

"कपाटाखाली ठेवायला नको चाचा, कपाट करायला पाहिजे."

"लय तिखट हायती की, साहेब."

"रोजचंच हाय," यजमान म्हणाले.

चाचांनी मग मोठं मशीन दाखवलं. पायांवर उभं, टेबल जाड, पट्टी घट्ट सरकणारी. "हे दोन फुटी. शीट मधोमध चिरा, बिनधास्त. सगळे सुतार हेच नेत्यात."

मला तेच हवं होतं. मी घरी, डेपोत, गुरुजींपुढं, सगळीकडं दोन फूटच म्हणत आले होते. यजमानांनी खिशातून गाडीची किल्ली काढून हातात घेतली, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं काम झालं होतं. पण स्टोअरमध्ये सही करण्याआधी वस्तू हातात घेऊन बघायची सवय. मी पट्टी शेवटपर्यंत सरकवली, आवळली, आणि पर्समधला टेप लावला.

सहाशे मिलिमीटर.

आमच्या भागात दोन फूट म्हणजे सहाशे. ओटा सहाशे, फरशी सहाशे, कपाटाची खोली सहाशे. गवंड्यापासून फरशीवाल्यापर्यंत सगळे एकाच दमात म्हणतात, दोन फूट, सहाशे. कुणाचंही कधी अडत नाही, कारण ओटा दहा मिलिमीटरनं अरुंद झाला म्हणून भाकरी थापायची राहत नाही. पण शीट फुटातलं असतं. चार फूट म्हणजे बाराशे वीस. पात्यानं खाल्लेले तीन मिली वजा केले तर प्रत्येक अर्धं सहाशे आठ आणि वर थोडं. ही पट्टी सहाशेलाच थांबत होती.

"चाचा, ह्याच्यावर शीट मधोमध चिरत नाही."

"चिरतंय की! दोन फुटी हाय."

"सहाशे आहे. मला सहाशे आठ पाहिजे."

"आठ मिलीनं काय होतंय, ताई? एक तुकडा सहाशे निघंल, दुसरा सहाशे सतरा. लोक काय पट्टी घेऊन बसत्यात?"

"लोक ओळीनं बसणार आहेत. एक टेबल आत, एक बाहेर. पहिल्याच दिवशी मोठ्या टेबलावरून भांडणं लागतील, आणि शिव्या मला."

"मग मोठा तुकडा परत सहाशेवर चिरा. दोन्ही सारखे."

हे बरोबर होतं. यजमान लगेच म्हणाले, "बघ, झालं की. सतरा मिली भुसा गेला तर गेला."

गेला असता. पण मग दर शीटला दोनदा चिरायचं. तेवढं आठ फुटी धूड दोनदा उचलायचं, दोनदा ढकलायचं, आणि तेही कायमचं, माझं हे मशीन असेपर्यंत. अर्धं शीट हे सुतारकामातलं सगळ्यात नेहमीचं माप. ज्या मशीनला नेहमीचं मापच आठ मिलिमीटरनं कमी पडतं, ते मी मोठं म्हणून का घ्यावं? आतापर्यंत सगळ्यांनी मला जेमतेम पुरेल एवढंच देऊ केलं होतं. हे तर जेमतेमही पुरत नव्हतं.

"याच्या पुढचं काय आहे?"

चाचांनी यजमानांकडं पाहिलं. यजमानांनी छताकडं. पुढचं मशीन ताडपत्रीखाली होतं. त्याची पट्टी अडीच फुटाच्या जवळपास जात होती. मी टेप लावला, आकडा पाहिला, टेप मिटला.

"हे."

"अगं, हे मावायचं न्हाई," यजमान म्हणाले. "त्याला फोन लावतो."

त्यांनी दुकानातूनच दिरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. ती चूक होती, कारण आता चाचाही ऐकत होते.

"दाद्या, केवढं हाय म्हनतोस?"

"आपल्या जेवणाच्या टेबलापेक्षा मोठं."

"आन् पिकअप?"

मी फोनजवळ गेले. "भावजी, पिकअप बाहेर काढावी लागेल."

"न्हाई निघनार, वैनी. सांगून ठेवतो. छोटं घ्या आन् गप या."

"छोटं येणार नाही. जागा नसेल तर हे अंगणात राहील, तुमच्या खिडकीखाली. सकाळी सहाला चालू करीन."

मग दीर म्हणाले, "दाद्या, तू काय करतोयस तिथं?"

"मी किल्ली धरून उभा हाय," यजमान म्हणाले, आणि फोन बंद झाला.

चाचांनी पावती करायला घेतली. म्हणाले, "ताई, पोचवायला टेम्पो उद्या येईल. कुठं उतरवायचं ते सांगायला घरी कोण असंल?"

"मीच असेन," मी म्हटलं, आणि डेपोत रजेचा अर्ज टाकला.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला तेव्हा दीर द्राक्षबागेत होते, पिकअप खोलीत होती आणि शटर खाली होतं. टेम्पोवाल्यानं विचारलं, कुठं ठेवू? मी शटरच्या बरोब्बर समोर, एक हात सोडून, जागा दाखवली. मुद्दाम दाखवली. पुढं कुणी योगायोग म्हणालं तर मी दुरुस्त केलं आहे, म्हणून इथंही लिहिते. मशीन उतरलं, खोका फोडला, टेम्पो गेला. मशीन एवढं जड की चार माणसांशिवाय हलणार नाही.

दुपारी दिरांना पलूसला औषधं आणायला जायचं होतं. शटर वर गेलं. पिकअप आत, मशीन दारात.

"वैनी, हे काय?"

"मशीन."

"ते दिसतंय. गाडी कशी काढू?"

"मशीन हलवावं लागेल."

"मग हलवा."

"कुठं हलवू? आत तर जागा नाही."

सासूबाई शेंगा निवडत बसल्या होत्या. त्या मान खाली घालून म्हणाल्या, "गाडी भाईर काड, मशीन आत जातंय. मशीन आत गेलं की गाडीला आत काय काम?"

दिरांनी मशीन एकट्यानं ढकलून पाहिलं. मग शेजारच्या दोघांना हाक मारली, यजमानांना बोलावलं. सगळ्यांनी मिळून मशीन बाजूला ओढलं, गाडी बाहेर आली आणि कुणाला काही म्हणायची उसंत मिळायच्या आत मी म्हटलं, "आता हात लागलेच आहेत तर आत घ्या." मशीन आत गेलं. दीर पलूसला गेले, संध्याकाळी आले, आणि गाडी लिंबाखाली लावली. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी टपावरची चिमण्यांची घाण दाखवायला आले, म्हणजे बोलणं सुरू झालं.

दिवाळी आटोपली आणि पहिलं शीट आलं. पट्टी सहाशे आठ पॉइंट पाचवर लावली, पुढून मोजली, मागून मोजली, आवळली. पात्याची उंची बेताची ठेवली, डोळ्यांवर चष्मा, कानात बोळे, पदर खोचलेला. शीटची एक कड पट्टीला टेकवली, शेपूट शटरबाहेर अंगणात. पुढून मी, डाव्या बाजूला यजमान. मशीन चालू झालं. पहिले दोन फूट माझे हात घट्ट झाले होते, मग पात्याचा आवाज एकसारखा झाला आणि मी नुसती पट्टीकडं बघत चालत राहिले. पात्याकडं बघायचं नसतं. पट्टी आणि शीट यांच्यात फट पडत नाही ना, एवढंच बघायचं.

शेवटचं बोटभर अंतर ढकलकाठीनं ढकललं. दोन अर्धी झाली. एकावर एक ठेवली. कडेवरून बोट फिरवलं तर कुठंही अडकत नव्हतं.

शटरच्या चौकटीला टेकून दीर बघत होते. "आता ह्याच्यावर बैलगाडी करा."

"करीन. तुमच्या बैलांच्या मापाची. बैल आणा."

पाय, आडवे दांडे, कडांच्या सागवानी पट्ट्या, पॉलिश. दोन्ही टेबलं तयार झाल्यावर गुरुजी सकाळी आले. खुर्ची ओढून बसले. दोन्ही कोपरं टेकवली, अंग पुढं टाकलं, टेबल हलवून पाहिलं. मग दोन्ही टेबलं समोरासमोर लावायला सांगितली आणि डोळा कडेच्या पातळीला आणून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मला वाटलं काहीतरी खोट काढतील.

"चिरली कुठं?"

"इथंच. त्यावर."

त्यांनी मशीनकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "ठेकेदाराला मी कळवतो," म्हणाले. "बाकीची करा." जाता जाता दारात थांबून पुन्हा म्हणाले, "शीटं उद्या पाठवतो. पोरं वाट बघतायत." आणि गेले.

शीटं दुसऱ्या दिवशी आली. भिंतीला टेकवून उभी केली. आणि नेमके बागेत डिपिंगचे दिवस लागले. द्राक्षाचा एकेक घड हातानं औषधात बुडवायचा, त्यात अख्खं घर लागतं. यजमान उजाडायला जातात ते अंधारालाच येतात. शीटचं डावं अर्धं मशीनच्या टेबलाबाहेर लोंबतं. ते पेललं नाही तर शेवटच्या हातभर अंतरात खाली वाकतं, पातं अडकतं. मी एकटीनं ते चिरत नाही, आणि चिरूही नये.

दीर काल संध्याकाळी आले, उभ्या शीटांकडं बघून म्हणाले, "मशीन तुमचं, खोली तुमची, काम तुमचं. पन धरायला माणूस आमचाच लागतोय व्हय?"

"नाही लागणार," मी म्हटलं.

मशीनच्या डाव्या अंगाला, टेबलाच्या उंचीचा, शीटच्या अर्ध्याएवढा रुंद एक आधाराचा मंच करायचा आहे. मग डावं अर्धं कुणाच्या हातावर नाही, मंचावर सरकेल. लाकूड आणलंय. चौकट जोडली. चार पाय कापले, पायांची उंची कमीजास्त करायचे बोल्ट डेपोजवळच्या दुकानातून घेतले. जमीन तिथं शटरकडं उतरती आहे, म्हणून प्रत्येक पाय वेगळा बसवावा लागेल, पातळी बघायची पाणसळ लावून. ते पाय अजून बसवायचे आहेत. मंच उभा राहिला की उरलेली शीटं मी एकटी चिरणार.